ओटीतले नऊ दाणे

१२ जानेवारी २०२५, रविवार

आधी माफी मागते. चौदा महिने या वहीत एक अक्षर लिहिलं नाही. शेवटची नोंद नोव्हेंबर २०२३ची आहे आणि तिच्यात 'निगेटिव्ह' एवढा एकच शब्द आहे. त्यानंतर वही साड्यांच्या खाली गेली. लिहिण्यासारखं काही नाही, असं मी स्वतःला सांगत होते. ते खोटं होतं. लिहिलं असतं तर पुन्हा वाचावं लागलं असतं, म्हणून लिहिलं नाही.

आज वही सोबत आणली, कारण आज मी खुशीत आहे. करी रोडच्या पुलापासून सात मिनिटांवर, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, खोली नंबर तेवीस. महिनाभरासाठी माझी एकटीची. खोली माझ्या नवऱ्याच्या, धम्मपालच्या, कंपनीतल्या दौलतची. परळच्या इस्पितळांत येणाऱ्या पेशंटच्या घरच्यांना तो ती महिन्याच्या बोलीवर देतो. रोज सकाळी आठला बदलापूरहून क्लिनिक गाठणं मागच्या दोन्ही वेळी मला जमलं नव्हतं. या वेळी चालत जाईन. धम्मपालने गादी वर चढवली, नळाला नवी तोटी बसवली, चहा केला आणि निघताना म्हणाला की इथे तू हॉस्टेलवरच्या पोरीसारखी दिसतेयस. बेचाळीस पूर्ण झालेल्या पोरीसारखी, मी म्हटलं.

बाबा याच भागातल्या गिरणीत होते. संप फसला तेव्हा मी पाळण्यातली. आम्ही बदलापूरला गेलो आणि परत आलोच नाही. आज गॅलरीत उभी राहिले तर समोर काचेचा टॉवर आणि त्याच्या काचेत ही चाळ उलटी. बाबांना गंमत वाटली असती.

टेस्टट्यूब बाळासाठीची ही तिसरी आणि शेवटची वेळ. डॉक्टर शेफालीने स्पष्ट सांगितलंय, यानंतर दुसऱ्या बाईच्या बीजाचा विचार करावा लागेल. त्यात वाईट काही नाही, हे मी बारावीच्या वर्गाला शिकवते. तरी मला माझं हवं आहे. हा हट्ट आहे का? असेल. प्राचार्यांना गाठीचं ऑपरेशन म्हणून सांगून रजा घेतली. ते खोटं मात्र सारखं टोचतंय.

भिंतीवर आधीच्या भाडेकरणीचं कॅलेंडर राहिलं आहे. काही तारखांभोवती गोल, प्रत्येक गोलात आकडा. सात, सहा, सहा, चार. पुढे गोल नाहीत. मी ते काढून ट्रंकेखाली सरकवलं.

१४ जानेवारी, मंगळवार

पहिली सोनोग्राफी झाली. नऊ. उजवीकडे पाच, डावीकडे चार. मागच्या वेळी चार होते, त्याआधी पाच. डॉक्टर शेफाली सहसा हसत नाही, आज हसली.

नीट लिहून ठेवते, पुढे मलाच वाचायला. रोज संध्याकाळी आठला पोटात इंजेक्शन. त्याने हे नऊ कोश वाढतील. आमच्या पुस्तकात त्यांना पुटिका म्हणतात, क्लिनिकमध्ये कुणी म्हणत नाही, सगळे फॉलिकल म्हणतात. एकेका फॉलिकलमध्ये एकेक बीज. ती पिकली की भूल देऊन सुईने बाहेर काढायची, बाहेर धम्मपालच्या बीजाशी गाठ घालायची, आणि टिकेल ते पुन्हा माझ्यात. पहिलं इंजेक्शन मीच घेतलं. 

समोरच्या खोलीतल्या मीनाक्षीकडे डबा लावला आहे. पस्तिशीची, दोन मुलं, बोलायला लागली की थांबत नाही. तिळगूळ देऊन म्हणाली, मॅडम, गोड नका बोलू, खरं बोला, भाजीत मीठ जास्त असतं का? मी म्हटलं, असतं. तिथेच आमचं जमलं.

शेजारी बावीस नंबरमध्ये गुणवंतीबाई. सत्तरी कधीच उलटली असावी. कंबरेत पार वाकलेल्या, डोकं कापसासारखं. दुपारी दाराशी बसून सुपात तांदूळ पाखडतात. आमची सामाईक भिंत लाकडी फळ्यांची, त्यामुळे तो आवाज खोलीतच असल्यासारखा येतो. फर्र, फर्र, मग टप. मला आवडला. मला बघून त्यांनी विचारलं, बाय गो, बाळासाठी आलीस ना? या खोलीत तेवढ्यासाठीच येतात. किती दिसले? इतक्या सहज विचारलं की मीही सहज सांगितलं, नऊ. भरपूर गो, भरपूर, म्हणाल्या, आणि सूप एकदा झटकलं.

१६ जानेवारी, गुरुवार

आज मला राग आला आणि त्या रागात मी एक गोष्ट केली. बरोबर केली की नाही, ते लिहिता लिहिता ठरवते.

मजल्यावर हळदीकुंकू होतं. माझ्याकडे तबक आलं तेव्हा मीनाक्षीने आधीच सगळ्यांना सांगून टाकलं, या जयभीमवाल्या, यांच्यात नसतं. मीही हसून नको म्हटलं, वाण म्हणून आलेला चमचा मात्र घेतला. गुणवंतीबाई दारात बसल्या होत्या. पाण्याने चापून बसवलेले केस, इस्त्रीची हिरवी साडी, गळ्यात मंगळसूत्र. तबक एकवीसमधून निघालं आणि माझ्याकडे आलं. मधल्या बावीसकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पुढे केलेलं कपाळ हळूच मागे घेतलं. ते मी पाहिलं.

मीनाक्षीला गाठून विचारलं. नवरा संपात गावाला म्हणून गेला, परत आला नाही, मेल्याचीही खबर नाही. म्हणजे सवाष्ण आहे, पण मूल नाही. त्यामुळे शुभकार्याला बोलावत नाहीत. आणि मॅडम, तिच्या हातून काही घेऊ नका, एवढं ऐका. का, ते सांगेना. मी म्हटलं, मलाही मूल नाही मीनाक्षी, माझ्या हातून डबा कसा घेतेस? ती तबक उचलून आत गेली. मला समाधान वाटलं. आता लिहिताना त्या समाधानाची थोडी लाज वाटते आहे.

संध्याकाळी मी बावीसमध्ये गेले आणि म्हटलं, माझी ओटी भरा. आयुष्यात पहिल्यांदा. आमच्या घरात आईने या सगळ्याला कधीच रजा दिली, माझ्या लग्नातही ओटी नव्हती. मी काही मानायला गेले नव्हते. माणसाला ओलांडून तबक नेतात, त्याला उत्तर द्यायला गेले होते.

त्यांनी घाईने सगळं काढलं. पाटावर बसवलं, ओढणीत ओंजळ ओंजळ तांदूळ घातले, वर नारळ, खण, हळकुंड. मग सूप पुढे धरून म्हणाल्या, आता थोडे परत टाक, रीत असते. थोडे म्हणजे किती, मला काय ठाऊक. म्हातारीचे आठ दिवसांचे तांदूळ दिसत होते ते. मी ओढणी सुपात रिकामी केली. म्हटलं, सगळेच घ्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. दोनदा विचारलं, सगळे? नक्की? मी दोन्हीदा हो म्हटलं.

खोलीत येऊन ओढणी झटकली तर घडीत अडकलेले काही दाणे पडले. टाकवेनात. एका स्टीलच्या डबीत ठेवले. सवयीने मोजले. नऊ.

१८ जानेवारी, शनिवार

सोनोग्राफी. आठ. डॉक्टर म्हणाली, सगळेच वाढतात असं नाही, एखादं मागे राहतं. मला ते माहीत आहे. मी ते शिकवते.

पोट फुगल्यासारखं वाटतं. गुणवंतीबाईंना सकाळी नळावर पाहिलं. भरलेली बादली एका हाताने उचलून घेऊन गेल्या. मीनाक्षी म्हणाली, म्हातारी सुधारली की हो, थंडी मानवली वाटतं.

१९ जानेवारी, रविवार

धम्मपाल आला. लालबागहून ताज्या मसाल्याची पुडी आणि माझ्यासाठी संत्री. त्याला ओटीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ हसला. म्हणाला, आईला कळलं तर तुला पुन्हा दीक्षा घ्यायला लावेल. त्याला दाखवायला डबी उघडली.

सात दाणे.

तो म्हणाला, उंदीर. मी म्हटलं, झाकण घट्ट होतं. मग तू मोजण्यात चुकलीस. मी मोजण्यात चुकत नाही, हे त्याला माहीत आहे, म्हणून त्याने विषय सोडला. संत्री सोलून देत राहिला.

शेजारी दुपारभर पाखडणं चालू होतं. तोही ऐकत होता. म्हणाला, यांच्याकडे एवढे खडे निघतात कुठून?

२० जानेवारी, सोमवार

सोनोग्राफीला सात.

डावीकडचं एक नाही. शनिवारी ते बारा मिलिमीटरचं होतं, माझ्यासमोर मोजलं होतं. लहान राहिलं असतं तर समजू शकले असते. तिथे काहीच नाही. डॉक्टर शेफालीने दोनदा फिरवून पाहिलं, जुना प्रिंट काढला, आधीचं मोजमाप चुकलं असेल म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता.

मी विज्ञानाची शिक्षिका आहे. योगायोग दोनदा घडू शकतो. प्रयोग करायला हरकत नाही. डबीत सात दाणे मोजून ठेवले, झाकणाला चिकटपट्टीचे तीन वेढे दिले, पट्टीवर सही केली, तारीख घातली. डबी उशीखाली.

हे लिहिताना मला हसू येतंय. येतंय तोवर लिहून ठेवलेलं बरं.

२१ जानेवारी, मंगळवार

पट्टी जशीच्या तशी. सही जुळते. आत सहा.

मीनाक्षीला विचारलं, खरं सांग. ती ओट्याशी पाठ करून उभी राहिली आणि सांगितलं. या खोलीत माझ्याआधी तीन बायका आल्या, तिघी याच कामासाठी. तिघींची ओटी गुणवंतीबाईंनी भरली. तिघी रिकाम्या हाताने गेल्या. कॅलेंडरवाली सोलापूरची, ती आकडे सुरू झाल्यावर घाबरून घरी पळाली, तिथेही उरले नाहीत. मग आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, ताई, तुम्ही जयभीमवाल्या, तुम्ही ओटी घ्याल असं माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नाही. आणि सांगायला गेले तर तुम्ही मलाच सुनावलंत.

सुनावलं होतं. खरं आहे. पण तबक ओलांडून नेलं तेही खरं आहे. एका गोष्टीने दुसरी खोटी ठरत नाही. मी दोन्ही लिहून ठेवते.

२२ जानेवारी, बुधवार

सोनोग्राफी, पाच. डबीत पाच.

डॉक्टरने डोस वाढवला. मी विचारलं, एवढे मोठे फॉलिकल दोन दिवसांत जातात कुठे? ती म्हणाली, वीस वर्षांत मी असं पाहिलेलं नाही. खरं बोलल्याबद्दल तिचे आभार मानले.

गॅलरीत गुणवंतीबाई. केसांची मुळं काळी आहेत. भांगापाशी दोन बोटं काळं, खाली पांढरं. पाठ सरळ. कच्ची चिंच चोखत उभ्या होत्या, मिटक्या मारत. मला म्हणाल्या, खातेस गो? मला तर दुसरं काही सोसतच नाही.

मी पळणार नाही. सोलापूरची पळाली, काय उपयोग झाला?

२३ जानेवारी, गुरुवार

भर दुपारी बावीसमध्ये गेले. दार उघडंच होतं. मी म्हटलं, माझं परत द्या.

त्या चिडल्या नाहीत. बस म्हणाल्या. मांडीवर सूप होतं. सुपात तांदूळ नव्हतेच. चार पांढरे दाणे होते, वाटाण्याएवढे फुगलेले, ओलसर. पाखडताना ते उडायचे आणि सुपात पडायच्या आधी क्षणभर—हलायचे. स्वतःहून. आजवर चार दाणे गेलेत माझे, डबीत पाच आहेत. हिशोब जुळला म्हणून मला आधी बरं वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.

त्या सांगत होत्या. तू जन्मलीस त्या साली हा गेला बघ. जाताना म्हणाला, येईन, ओटी भरणीला येईन. मला तेव्हा दोन महिने होते. संपात खायला नव्हतं, पडलं. त्यानंतर बेचाळीस वर्षं माझी ओटी कुणी भरली नाही. एकदाही नाही. मी दुसऱ्यांच्या भरते. ज्या भरू देतात त्यांच्या. त्या सगळ्या चिमूटभर परत टाकतात. ओढलं तरी त्यातून यायचं ते कच्चंच. पूर्ण दिलंस ती तूच.

मी म्हटलं, मला रीत माहीत नव्हती. त्या म्हणाल्या, मी दोनदा विचारलं. विचारलं होतं.

मी पुन्हा म्हटलं, परत द्या. त्या म्हणाल्या, भरणारीने परत द्यायचं नसतं गो. परत टाकते ती घेणारी. तेवढीच रीत आहे, दुसरी नाही.

मग माझा हात धरला. पकड तरुण बाईची होती. हात ओढून पदराखाली पोटावर ठेवला. पोट घट्ट होतं. आत हललं. एका ठिकाणी नाही. चार ठिकाणी.

२४ जानेवारी, शुक्रवार

सोनोग्राफी, तीन. डबीत तीन.

आज रात्री साडेनऊला शेवटचं इंजेक्शन. बीज पिकवणारं. त्यानंतर मोजून छत्तीस तास, म्हणजे रविवारी सकाळी साडेनऊला काढायची. सव्वीस जानेवारी. डॉक्टर म्हणाली, एवढ्यासाठी भूल द्यायची का, विचार करा. मी म्हटलं, केला.

मला त्यांची दया येते. हे लिहायलाच हवं. दोन महिन्यांचं पोट उपाशी पडलं त्या बाईची मला दया येते. आणि माझं मी देणार नाही. दोन्ही.

२५ जानेवारी, शनिवार

दोन.

डबी सोडली. दोन्ही दाणे मुठीत धरून बसले. दुपारी फळीपलीकडे फर्र, फर्र. माझी मूठ आतून—कुणीतरी बोटाने खरवडावं तसं. उघडली नाही. हाताला घाम आला, नखं रुतली. टप.

तेव्हाही उघडली नाही. संध्याकाळी उघडली.

एक.

२६ जानेवारी, रविवार

थोडक्यात लिहिते, भुलीने अजून जड वाटतंय.

शेवटचा दाणा धम्मपालच्या हातात दिला. म्हटलं, हसायचं असेल तर हस, पण मूठ सोडू नकोस. तो हसला नाही. खालच्या शाळेत झेंडावंदन चाललं होतं, रस्त्याने जाताना तो क्षणभर ताठ उभा राहिला, मूठ मिटलेलीच.

टेबलावर पाय बांधले. भूल देणाऱ्या डॉक्टरने उलटे आकडे मोजायला सांगितले. मी नऊपासून सुरू केले. आठ, सात. छतावरच्या दिव्यामागून सुपाचा आवाज आला. मी मोजणं थांबवलं आणि म्हटलं, नाही. सिस्टर नंतर म्हणाली, तुम्ही झोपेतसुद्धा नाही, नाही म्हणत होता.

तीन फॉलिकल दिसत होते. दोन रिकामे. तिसऱ्यात एक बीज, पूर्ण पिकलेलं. डॉक्टर शेफाली म्हणाली, सुरेख आहे.

बाहेर धम्मपाल बाकावर बसला होता. चेहरा पांढरा. मूठ उघडवेना, मी एकेक बोट सोडवलं. दाणा होता. तळहातावर चार छोटे ओरखडे, बाळाच्या नखांएवढे. तो म्हणाला, रश्मी, आजच बदलापूरला जाऊ.

मी म्हटलं, नाही.

२७ जानेवारी, सोमवार

सकाळी क्लिनिकचा फोन. बीज फळलं. एक गर्भ. परवा अकराला माझ्यात सोडणार.

धम्मपालला कामावर जावंच लागलं, बुधवारी सकाळी दहाला येतो म्हणाला. दाणा आता माझ्यापाशी आहे. या पानावर ठेवून वर चिकटपट्टी लावली आहे. लिहिताना त्यावर डावा हात.

गुणवंतीबाई गॅलरीतून जाताना थांबल्या. केस कुळकुळीत काळे. माझ्यापेक्षा लहान दिसतात. पोट आता पदराने झाकत नाहीत. कुणीच काही म्हणत नाही. शेजारणी हसून बाजूला होतात, वाट देतात. आज एकीने तर—खुर्ची दिली.

आत न बघता म्हणाल्या, एक राहिलाय गो. आठांनी भागत नाही.

मी म्हटलं, तो माझा आहे.

सगळेच म्हणालीस.

म्हणाले होते.

२८ जानेवारी, मंगळवार

फळीतून सकाळपासून. थांबतच नाही. दुपारी जेवायलासुद्धा—नाही थांबलं.

दाणा आहे. पट्टीखाली. कडेने थोडा सरकलाय. पान क्रमांक लिहिलाय तिथपर्यंत आला आहे. तळव्याने दाबून धरलाय.

घाबरले आहे. लिहून टाकलं. घाबरले आहे आणि इथेच आहे.

विचार कर, रश्मी. त्यांनी काय सांगितलं होतं. गुरुवारची नोंद पुन्हा वाचली. भरणारीने परत द्यायचं नसतं. परत टाकते ती घेणारी.

परत टाकते ती घेणारी.

आणि त्यांची कुणी भरली नाही. बेचाळीस वर्षं. एकदाही.

मीनाक्षीला हाक मारली. नारळ, हिरवा खण, हळकुंड, पावशेर तांदूळ. ती म्हणाली, ताई, वेड लागलं का, तिची ओटी भरणार? मी म्हटलं, तुम्ही कुणी भरली असती तर मला भरावी लागली नसती. ती रडली. सामान आणलं पण. उंबऱ्याबाहेर ठेवलं. सोबत येशील का विचारलं, मान हलवली. नाही.

ही फसवणूक आहे का? त्यांचा हक्काचा मान म्हणून भरते आहे की माझं काढून घ्यायला? प्रामाणिकपणे लिहायचं तर दोन्ही. भरताना दोन्ही मनापासून असेल. त्यांनाही मी दोनदा विचारीन. नक्की?

पहिल्यांदाच ओटी भरली जाते त्या बाईचं काय होतं, ते मी स्वतः अनुभवलंय. रीत ठाऊक असली तरी मोजून परत टाकणं तिला सुचत नाही. मला माहीत आहे ती किती टाकते.

आवाज थांबला आत्ता. फळीला पलीकडून कान—

हाताखाली ओलं लागतंय. दाणा फुगलाय. सोडणार नाही.

उद्याचं एकच काम: सकाळी सातला, क्लिनिकच्या आधी, गुणवंतीबाईंची ओटी भरणे. सूप मी धरायचं. परत टाकतील ते दाणे नीट मोजून—